वाहत्या पाण्याचा मासा

जबलपुरातून समुद्र दिसत नाही आणि त्याचा खारा वाराही इथवर पोचत नाही. नर्मदा मात्र इथून समुद्राकडेच निघालेली असते. अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळेपर्यंत ती १३१२ किलोमीटरांची वाट चालते आणि या वाटेच्या वरच्या टप्प्यात हे शहर वसले आहे. शहराच्या जुन्या, दाट भागात दीक्षितपुरा नावाचा मोहल्ला आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, दारांवरच्या हिंदी पाट्यांमध्येच कुठेतरी एखादे मराठी आडनाव. या शहरातल्या मराठी वस्तीचा इतिहास दोन शतकांहून अधिक मागे जातो. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या अखेरीस इथे इंग्रजांचा अंमल सुरू झाला. पुढेही बराच काळ, १९५६ पर्यंत, जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. कारभार, शिक्षण, वकिली, रेल्वे अशा नाना निमित्तांनी कुटुंबे आली, काही परतली, काही इथलीच झाली. त्यांनी देव्हाऱ्यातले देव बरोबर आणले. नदी मात्र त्यांना इथे मिळाली. गोदा-कृष्णेच्या जागी त्यांच्या ओठांवर ‘नर्मदे हर’ आले आणि माघ शुद्ध सप्तमीला अंगणात रथसप्तमीचे दूध उतू घालणारी गृहिणी त्याच संध्याकाळी नर्मदाजयंतीचा दिवा घेऊन ग्वारीघाटाकडे निघू लागली.

अशा शाकाहारी घरांत मासा तीन वाटांनी प्रवेश करतो. पहिली वाट दशावताराची. संध्याकाळच्या श्लोकांत मत्स्य पहिला, आणि म्हणून मुलाला अवतारांत तोच आधी पाठ होतो. दुसरी वाट घाटाची. घाटावर जाताना पिशवीत कणकेच्या गोळ्या असतात. नातवंडांनी त्या एकेक करून पाण्यात टाकायच्या आणि पाणी उकळल्यासारखे झाले की टाळ्या पिटायच्या. तिसरी वाट पाठ्यपुस्तकाची. तिथे मासा आडवा कापलेला असतो, त्याच्या कल्ल्यांना बाण जोडलेले असतात आणि तो कोणत्याही नदीचा नसतो. या तिन्ही वाटा एकाच घरात असूनही सहसा एकमेकींना मिळत नाहीत. “आजोबा, हे मासे कोणते?” असे घाटाच्या पायरीवर नातवाने विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: “अरे, नर्मदामाईचे.” उत्तर खोटे नाही. परंतु आईच्या लेकरांना आईच्या नावापलीकडे स्वतःचेही नाव असते, याची जाणीव त्या उत्तरात नाही.

त्या लेकरांपैकी एकाचे नाव महाशीर. नर्मदेकाठचे केवट, ढीमर, बर्मन त्याला बाडस म्हणतात. शास्त्रज्ञ टोर टोर म्हणतात. मध्यप्रदेश शासनाने २०११ मध्ये त्याला राज्यमासा ठरवले. बारशिंगा राज्यप्राणी आणि दूधराज राज्यपक्षी आहे हे शाळेतल्या पुष्कळ मुलांना सांगता येते; राज्यमासा विचारला तर वर्ग गप्प होतो. याचे कारण मुलांच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे ठरेल. पक्षी फांदीवर बसतो, हरीण कुरणात उभे राहते. मासा मात्र त्याच्या पाण्याने झाकलेला असतो, आणि ते पाणी बदलले तरी वरून नदी पूर्वीसारखीच दिसते.

महाशीर या नावाची फोड अनेकांनी अनेक प्रकारे केली. कोणी त्यात ‘महा’ आणि ‘शिर’ पाहिले, कारण डोके मोठे. कोणी फारसीतला ‘माही’ म्हणजे मासा आणि ‘शेर’ म्हणजे वाघ-सिंह असा अर्थ लावला, कारण झुंज दांडगी. कोणी मोठ्या खवल्यांवरून ‘महाशल्क’ सुचवले. शब्दाची व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी तिन्ही अर्थ माशाला शोभतात. अंगावरचे खवले इतके मोठे की कल्ल्यापासून शेपटीपर्यंतच्या एका रांगेत पंचवीसच्या आसपासच मावतात. जबड्यात दात नाहीत. परंतु घशात दातांच्या तीन ओळी असतात आणि गोगलगायींची कवचे तिथे भरडली जातात. ओठ जाड व मांसल, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. तळाशी दगडधोंड्यांत अन्न चाचपायला या मिशा उपयोगी पडतात. नर्मदेतला महाशीर पाणकीटक, शिंपले-गोगलगायी, शेवाळ, पाणवनस्पती असे पुष्कळ काही खातो. काठच्या झाडांवरून पडलेले फळही त्याला चालते. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला स्थिर, सुपीक पाणी मानवते. महाशीरचे अन्न दगडाला चिकटलेले असते. त्याचे शरीर लांबट, स्नायूंनी भरलेले, शेपटी खोल दुभंगलेली. प्रवाहाविरुद्ध उभे राहणे हेच त्याच्या देहाचे प्रयोजन असावे, अशी ही घडण आहे.

त्याला नदीत दोन गोष्टी लागतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एक म्हणजे खोल, थंड, शांत डोह. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठे मासे तिथे आश्रय घेतात. दुसरी म्हणजे उथळ, खळाळती धाव, जिच्या तळाशी स्वच्छ गोटे आणि भरड रेती असते. डोहात तो दिवस काढतो. खळाळात त्याचा वंश पुढे जातो. पावसाळ्यात नदीला पूर येऊ लागला की महाशीर प्रवाहाच्या उलट दिशेने निघतो, उपनद्यांत आणि ओढ्यांत चढतो आणि तिथे अंडी घालतो. मादी सगळी अंडी एका वेळी घालत नाही. ती टप्प्याटप्प्याने घालते आणि हंगाम पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतही लांबत जातो. रोहू-कटल्याच्या मानाने अंडी थोडी, पण आकाराने मोठी, अडीच-तीन मिलिमीटरांची आणि बलकाने भरलेली. रोहूचे पिल्लू एका दिवसाच्या आत अंड्याबाहेर येते. महाशीरला पाण्याच्या उष्णतेनुसार तीन-चार दिवस लागतात. बाहेर आल्यावरही ते लगेच पोहत नाही. पोटाशी बलकाची पिशवी घेऊन ते प्रकाशापासून तोंड फिरवते, गोट्यांच्या फटीत डोके खुपसून पडून राहते आणि आणखी काही दिवस तिथेच काढते.

माशाच्या साऱ्या आयुष्यातला हा सर्वांत नाजूक काळ. या दिवसांत त्याचे संरक्षण फक्त दोन गोष्टी करतात: गोट्यांमधली पोकळी आणि तिच्यातून वाहणारे प्राणवायूने भरलेले पाणी. पोकळी गाळाने भरली तर पिल्लू गुदमरते. पाणी अचानक उतरले तर ते उघडे पडते. रेती-गोटे उपसून नेले तर अंड्यांना जागाच उरत नाही. ज्या माशाची ताकद पाहून शिकारी थक्क होत, त्याच्या बाल्याची ही असहायता शिकाऱ्यांच्या वर्णनांत क्वचितच आली.

शिकाऱ्यांचे वाङ्मय मात्र विपुल आहे. गळाने मासा धरण्याचा छंद म्हणजे इंग्रजांनीच आणलेली गोष्ट, असा समज असतो. परंतु बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचा स्वतंत्र भाग आहे. काठी, दोरी, गळ, आमिष यांचा तिथे बारकाईने विचार केलेला आहे. त्या प्रकरणाकडे आधुनिक वाचकांचे लक्ष वेधणारे सुंदरलाल होरा हे स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ होते. इंग्रज अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि सामनपेक्षाही महाशीरची झुंज श्रेष्ठ, असा निर्वाळा दिला. समुद्रात टार्पन हा गळाच्या शिकारीचा राजा मानला जाई. किपलिंगने आपल्या एका कथेत पूंछ नदीच्या महाशीरपुढे त्यालाही क्षुल्लक ठरवले. १९४६ मध्ये मैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर धरला आणि तो आकडा शिकाऱ्यांच्या जगात दंतकथेसारखा सांगितला जाऊ लागला. या साऱ्या वर्णनांत एक गोष्ट सारखी येते. गळ लागताच महाशीर जी पहिली झेप घेतो, ती आवरणे कठीण. वस्तुतः ती झेप एकट्या माशाची नसते. पिढ्यान् पिढ्या पुराविरुद्ध चढून गेलेल्या वंशाची ती कमाई असते. दोरीच्या टोकाला शिकाऱ्याला जी ओढ जाणवे, तिच्यात नदीचा वेगही सामील असे.

शिकाऱ्यांच्या आधी नाव देणारे आले होते. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात ‘टोर’ हे नाव प्रथम शास्त्रात आले. मराठी माणसाला अधिक जवळची गोष्ट कर्नल साइक्सची. मुंबई इलाख्यात नोकरीस असताना त्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. नवी नावे देताना त्याने लॅटिनमध्ये सरळ इथले शब्द बसवले. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, मुल्या, बोगट, फुलंगी. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरचे ‘खुद्री’ हे नाव अशा रीतीने जगभरच्या ग्रंथालयांत गेले. कोण्या अनामिक भोयाने किंवा कोळ्याने नदीकाठी उच्चारलेला शब्द आजही लंडनच्या आणि टोकियोच्या शास्त्रज्ञाला तसाच लिहावा लागतो. नाव टिकले, ज्या पाण्याकाठी ते उच्चारले गेले, त्या पाण्याची आज पुण्यात काय अवस्था आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मुळा-मुठा आणि नर्मदा यांच्यात सातपुडा आहे, आणि या दोन नद्यांना जोडणारा एक विचार होरांनीच मांडला. सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणाऱ्या काही माशांचे जवळचे आप्त मधला सारा मुलूख सोडून थेट पूर्व हिमालयात आणि त्यापलीकडे आढळतात. हे कसे घडले असावे? १९४० च्या दशकात होरांनी असे सुचवले की एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग अधिक उंच, अधिक ओली आणि सलग असावी आणि तिच्यावरच्या खळाळत्या ओढ्यांच्या आधाराने हे मासे पिढ्यान् पिढ्या पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीपर्यंत पोचले असावेत. हा सिद्धान्त ‘सातपुडा’ याच नावाने ओळखला जातो. पुढे त्यावर भूशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि आनुवंशिक अभ्यासांनीही ही कहाणी इतकी सरळ नसल्याचे दाखवले. तरीही त्यातला एक मुद्दा अबाधित राहतो. वाहत्या पाण्याचा मासा कोरडी जमीन ओलांडू शकत नाही. त्याच्या स्थलांतराचा इतिहास हा पाण्याच्या सलगतेचाच इतिहास असतो. सागर, नागपूर, जबलपूर अशा टप्प्यांनी सरकत आलेल्या मराठी कुटुंबांना वाटेत डोंगर लागले, जंगले लागली, आणि ती ओलांडून ती आली. माशाला ती मुभा नाही. त्याची वाट एकदा अडली की अडली.

नर्मदेची वाट अडली ती प्रथम जबलपूरच्याच परिसरात. त्याआधी, १९५८ ते १९६६ या काळात, केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी नर्मदेतले मासे आणि मासेमारी यांची पद्धतशीर पाहणी केली होती. त्या पाहणीत महाशीर हा दुर्मीळ प्राणी नव्हता. कोळ्याच्या रोजच्या जाळ्यात येणारा, बाजारात तोलला जाणारा मासा होता. त्याचे अन्न, वाढ, अंडी यांविषयी आज जे निश्चित ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्या काळच्या आणि लगेच नंतरच्या कामातून आलेले आहे. नदी मोकळी होती तेव्हा तिच्या सर्वांत बलवान माशाची ही जणू शेवटची सविस्तर नोंद. १९७४ मध्ये बरगीच्या धरणाचे काम सुरू झाले आणि १९९० मध्ये जलाशय पूर्ण भरला. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरचे हे पहिले मोठे धरण. जबलपूर, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांतली १६२ गावे त्याच्या पाण्याने बाधित झाली. पुढे खाली इंदिरा सागर २००५ मध्ये, ओंकारेश्वर २००७ मध्ये आले, आणि गुजरातेतले सरदार सरोवर २०१७ मध्ये पूर्ण उंचीनिशी राष्ट्रार्पण झाले. नकाशावर नर्मदा आजही एकच निळी रेघ आहे. माशाच्या दृष्टीने ती आता लहानमोठ्या तुकड्यांची माळ आहे.

समुद्राच्या बाजूनेही तेच. पाला म्हणजेच हिल्सा हा खरा समुद्रातला मासा. पण अंडी घालायला तो पावसाळ्यात गोड्या पाण्यात शिरतो, आणि भडोचचे कोळी त्याच्या येण्यावर वर्ष काढीत आले. त्याला समुद्राकडून नदीकडे यायचे असते, महाशीरला नदीतून ओढ्याकडे. एक खालच्या टोकाशी थांबतो, दुसरा वरच्या टोकाशी. दोघांची भेट कधी होत नाही, परंतु दोघांचेही मागणे एकच आहे: पावसाळ्यात पाणी त्याच्या वेळेला, त्याच्या जोराने यावे.

धरणाखालचे पाणी आता ऋतूच्या हिशेबाने येत नाही. ते दरवाजांच्या आणि जनित्रांच्या हिशेबाने येते. धरणावरच्या जलाशयात पाणी भरपूर असते, पण ते उभे असते. तिथे जुने खळाळ, घळी, गोट्यांचे पट्टे खोल गाळाखाली गेले. उभ्या पाण्यात महाशीर मरतोच असे नाही. तो तिथे वाढू शकतो, पुष्टही होऊ शकतो. परंतु अंडी घालायला त्याला वाहते पाणी शोधावे लागते आणि वर सरकत गेलेल्या ओढ्यांच्या मुखाशी जे काही उरले असेल त्यावर भागवावे लागते. जलाशयात कटला-रोहूचे बीज सोडले जाते, कारण त्यांचे उत्पन्न लवकर हाती येते. ज्यांची शेते बुडाली, त्यांतल्या कित्येकांनी नांगर सोडून होडी धरली आणि सहकारी संस्था उभारून जलाशयातल्या मासेमारीच्या हक्कासाठी लढा दिला. त्यांना कटला-रोहू नको असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? महाशीरची बाजू घेणाऱ्याला हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

दीक्षितपुऱ्यातल्या घरालाही तो टाळता येत नाही. या शहराच्या नळांना नर्मदेचे पाणी येते. उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यांतली माणसे पाण्यासाठी वणवण करीत असताना इथला नळ चालू राहिला तर गृहिणी हात जोडते, आणि ते जोडणे खोटे नसते. नवी खोली बांधायची तर रेती लागते. ती कुठल्या नदीच्या पात्रातून आली हे कोणी विचारत नाही. घाटावर आटोपलेल्या पूजेचे निर्माल्य पाण्यातच सोडले जाते. माशाच्या संकटाला एखादा दुष्ट माणूस कारणीभूत असता तर लिहिणे सोपे झाले असते. इथे सारी कारणे साधी, घरगुती आणि पुष्कळदा पवित्र आहेत.

या संकटावर पहिला विचारपूर्वक उपाय शोधणारा माणूस मराठीच होता, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपन्यांच्या साहाय्याने महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम हाती घेतले. स्थळही अर्थपूर्ण होते. विजेसाठी बांधलेल्या तलावांत तग धरून असलेला दख्खनी महाशीर, म्हणजे साइक्सचा खुद्री, तिथे अंडी घालण्याच्या काळी ओढ्यांच्या तोंडाशी येई. परिपक्व मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे, वाहत्या पाण्याच्या पाळण्यांत ती उबवायची. डॉ. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी यात इतके प्रावीण्य मिळवले की फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने दूर पाठवता येऊ लागली. अंड्याला तीन-चार दिवस लागतात, हा निसर्गाचा जो संथपणा नदीत घातक ठरत होता, तोच इथे कामी आला; तेवढ्या अवधीत ते देश ओलांडू शकले. लोणावळ्याचे बीज अनेक राज्यांच्या जलाशयांत आणि नद्यांत गेले. पुढे मध्यप्रदेशातही, बडवाहच्या वनविभागात, नर्मदेच्या महाशीरचे प्रजनन करण्याचे प्रयत्न झाले.

या यशाची दुसरी बाजू कावेरीत उघड झाली. लोणावळ्याहून आलेले निळसर परांचे महाशीर तिथे रुजले, वाढले आणि गळ टाकणाऱ्यांना पुन्हा मासे मिळू लागले. त्या भरभराटीत एक गोष्ट दीर्घकाळ लक्षात आली नाही. कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा होता. पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा. विक्रमी १२० पौंडांचा मासा याच जातीचा मानला जातो. पाहुणा वाढत होता आणि घरधनी दिसेनासा होत होता. २०१८ मध्ये त्या कुबडधारी माशाची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. इतका मोठा, इतका प्रसिद्ध प्राणी. त्याची छायाचित्रे पाऊणशे वर्षे भिंतींवर टांगलेली होती, आणि त्याला नेमके नाव मिळाले ते तो निघून जाण्याच्या बेतात असताना. खुद्री मात्र एके काळी संकटग्रस्तांच्या यादीत होता, तो आता तितक्या चिंतेचा राहिलेला नाही. म्हणजे बीज वाचले, आणि एका नदीचा वंश धोक्यात आला. ज्यांनी हे काम केले त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या काळी महाशीर हा एकच शब्द पुरेसा वाटत होता. प्रत्येक नदीने आपला महाशीर आपल्या वेगाने आणि आपल्या दगडांवर घडवलेला असतो, हे कळायला ही किंमत द्यावी लागली.

नर्मदेच्या बाबतीत हा धडा अधिकच निकडीचा आहे. जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत टोर टोर समोर संकटग्रस्त असेही लिहिलेले नाही आणि सुरक्षित असेही नाही. तिथे आहे ‘अपुरी माहिती’. नर्मदेतला बाडस आणि हॅमिल्टनने उत्तर बंगालच्या महानंदेत पाहिलेला टोर हे एकच का, याविषयीही अभ्यासकांचा विचार अजून चालू आहे. ज्याला राज्याने आपले चिन्ह म्हणून मिरवले, त्याची पूर्ण ओळख पटलेली नाही. अशा वेळी दुसऱ्या नदीचे बीज आणून नर्मदेत सोडणे म्हणजे प्रश्न सोडवण्यापूर्वी पाटी पुसून टाकणे होईल.

शास्त्राच्या आधीपासून श्रद्धेनेही मासे राखले आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान. डोहातले महाशीर देवीचे मानले जातात. त्यांना कोणी धरत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि माणसांची चाहूल लागताच ते पृष्ठभागावर येतात. देशात असे डोह ठिकठिकाणी आहेत आणि काही नद्यांत मोठे महाशीर आता तेवढेच उरले आहेत. कायद्याच्या पुष्कळ आधीपासून हा नियम पाळला गेला आणि त्यासाठी पहारेकरी लागला नाही. तरीही डोह म्हणजे नदी नव्हे. मासा डोहात सुरक्षित असला तरी वरचा ओढा आटला, दगड उपसले गेले, कोणी मैलभर वर विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारले, तर देवीची हद्द तिथवर पोचत नाही. श्रद्धेने माशाला अभय दिले, शास्त्राने बीज दिले. दोन्ही दाने मोठी आहेत. माशाला ज्याची सर्वांत अधिक गरज आहे ती गोष्ट, वरून खालपर्यंत वाहते राहिलेले पाणी, त्यांपैकी कोणीच एकट्याने देऊ शकत नाही.

दीक्षितपुऱ्यातल्या घरांत पाठ होणाऱ्या पहिल्या अवताराच्या कथेत ही गरज फार पूर्वी सांगून ठेवलेली आहे. मनूच्या ओंजळीत एक लहान मासा येतो आणि रक्षणाची याचना करतो. मनू त्याला पात्रात ठेवतो. मासा वाढतो आणि पात्र अपुरे पडते. मग मोठे भांडे, मग तळे, मग नदी, शेवटी समुद्र. कथा प्रलयाकडे वेगाने जाते, म्हणून ऐकणाऱ्याचे लक्ष नौकेवर खिळते आणि हा मधला भाग निसटून जातो. त्या भागात मनूने माशाला काय खाऊ घातले याचे महत्त्व नाही. तो दर वेळी माशाला आणखी पाणी देतो. मासा वाढला म्हणजे त्याला लागणारी जागाही वाढते, हे तो विनातक्रार मान्य करतो, आणि जो मासा त्याच्या हातात मावत होता त्याच्याचमुळे शेवटी तो तरतो.

कणकेच्या गोळ्यांत वाईट काही नाही. नातवाच्या हातून पाण्यात पडणारी गोळी हा एका जिवाशी दुसऱ्या जिवाचा पहिला परिचय असतो, आणि परिचयाशिवाय जिव्हाळा उत्पन्न होत नाही. फक्त परिचय तिथेच थांबू नये. घाटावर झुंबड करणाऱ्या माशांत बाडस बहुधा नसतो. जिथे पाणी दगडाला आपटून फेसाळते, धुवांधारच्या खालच्या घळीत, लम्हेटाच्या खडकांपाशी, वरच्या ओढ्यांच्या तोंडाशी, तिथे तो असेल तर असेल. त्याला गोळी नको असते. पावसाळा सुरू झाला की मध्यप्रदेशात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आणि त्याच्या पुढेही आपली मादी कुठल्या गोट्यांच्या पट्ट्यावर अंडी घालते, ते पट्टे कुठे उरले आहेत, तिथली रेती कोण नेतो आणि धरणाचे पाणी त्या दिवसांत किती व केव्हा सुटते, याची विचारपूस त्याला हवी असते. हे प्रश्न विचारायला मत्स्यशास्त्रज्ञ असावे लागत नाही. केवटांना त्यांतली बरीच उत्तरे ठाऊक असतात. घाटावर त्यांच्या होडीत बसणारे त्यांना भाडे विचारतात, मासा विचारत नाहीत.

पुढच्या एखाद्या रथसप्तमीला ग्वारीघाटाच्या पायरीवर पुन्हा कोणी मूल विचारील, “हे मासे कोणते?” त्या वेळी उत्तर देणाऱ्याने घाटावरच्या माशांची नावे सांगावीत, आणि मग हेही सांगावे की नर्मदामाईचा सर्वांत थोरला मुलगा यांत नाही, त्याचे नाव बाडस, तो वाहत्या पाण्यात राहतो, आणि वाहते पाणी आता दूर गेले आहे. मूल कदाचित विचारील, दूर म्हणजे कुठे. तो प्रश्न विचारला जाणे एवढीच आज त्या माशासाठी आशेची जागा आहे.